मदत हवी आहे: हार्डबूट (कडक बुटांच्या) स्नोबोर्डवर टाचेकडचं वळण फरफटतंय

मंडळी, मी खानापूरचा. बर्फासाठी गुलमर्ग गाठावं लागतं, आणि तिथं दिसतात ते सगळे सॉफ्टबूटवाले, म्हणजे मऊ बुटांनी स्नोबोर्ड चालवणारे. विचारायचं कुणाला?

पायाच्या बोटांकडच्या धारेवर (बोर्डच्या कडेवर) बोर्ड मस्त बारीक रेघ कापत जातो. टाचेकडे वळलो की मात्र धार थरथरते आणि बर्फ खरवडत मागचा भाग सुटतो. बोर्ड मधल्या अरुंद भागात १९ सेंमी रुंद, बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवायची पकड) पुढच्या पायाला ६०, मागच्याला ५५ अंश वळवलेली. बूट धारेबाहेर येत नाहीत. पुढच्या पायाला पंजाखाली नि मागच्याला टाचेखाली उचल देतात (म्हणजे तेवढा भाग उंच करतात) म्हणे, माझं सगळं सपाट आहे. आधी ती उचल देऊ, की मागच्या बुटाचा पुढचा झुकाव बदलू? का बोर्डवर गुडघे वाकवून माझं बसणंच चुकतंय? कंबर आत वळते आणि खांदे उताराकडे झुकायचे सोडून मागंच राहतात, असा संशय आहे.

तोवर गच्चीवर बूट चढवून बसण्याचा सराव चाललाय. शेजारी काय म्हणतात ते विचारू नका!