जुने कन्सोल ४के टीव्हीला जोडताना: धुरकट चित्र, लॅग आणि पुसले जाणारे सेव्ह

पहिला_खेळाडू

मंडळी, एकाच ४के टीव्हीला हे सगळे जोडायचे आहेत: सुपर निन्टेन्डो (एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचा), मेगा ड्राइव्ह २, पहिलं प्लेस्टेशन, प्लेस्टेशन २ आणि ड्रीमकास्ट. सोबत चालू पिढीतला एक कन्सोल आहे, तो एचडीएमआयवर व्यवस्थित चालतो. एम्युलेटरवर भागवायचं नाही. मूळ मशीन, मूळ कंट्रोलर आणि खटकन बसणारं कार्ट्रिज, खरी मजा त्यातच आहे.

अडचणी तीन. लाल-पांढऱ्या-पिवळ्या केबलने चित्र धुरकट येतं, कडा थरथरतात आणि बटण दाबल्यावर पात्र जरा उशिरा उडी मारतं. साधा एव्ही-टू-एचडीएमआय डबा लावूनही फरक नाही. दुसरं, काही कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकत नाही. तिसरं, नव्या कंट्रोलरची डावी स्टिक हात न लावता सरकते.

साधं सोल्डरिंग जमतं, बारीक सरफेस-माउंट काम नाही. सुरुवात कुठून करू?

रेषेवर_रेष

सुरुवात चित्रापासून करा, कारण लॅगचं मूळही तिथेच आहे.

कार्ट्रिजवाले कन्सोल आणि पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम २४०पी सिग्नल देतात. म्हणजे दर फ्रेमला त्याच जागी २४० रेषा, सेकंदाला सुमारे ६० वेळा. आजचे बरेच टीव्ही याला ४८०आय (एकाआड एक रेषांची दोन अर्धी चित्रं मिळून एक चित्र) समजतात आणि लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींत विणून एक चित्र करू पाहतात. त्या फ्रेम दोन वेगळ्या क्षणांच्या असल्यामुळे हलत्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात. सगळ्यात वाईट हाल लुकलुकणाऱ्या गोष्टींचे. मार लागल्यावर पात्र एका फ्रेमला दिसतं, पुढच्या फ्रेमला नाही. बऱ्याच गेममधल्या सावल्याही अशाच काढलेल्या असतात. टीव्हीने फ्रेम विणल्या की पात्र पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, नाहीतर सावली कायमची गायब होते. हे करायला टीव्ही काही फ्रेम अडवून ठेवतो. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद, तीन-चार फ्रेम साठल्या की उडी चुकायला तेवढं पुरतं. साधा डबा हीच चूक टीव्हीच्या आधी करतो, म्हणून त्याने काही बदललं नाही.

टीव्हीचा गेम मोड त्या पोर्टला कायमचा लावून ठेवा आणि १६:९ ताण काढून ४:३ ठेवा. सुपर निन्टेन्डो आतून २५६×२२४ पिक्सेल काढत असला तरी चित्र ४:३ पडद्यासाठीच आखलेलं आहे.

मग केबल. पिवळ्या तारेत (कॉम्पोझिट) रंग आणि उजेड एकत्र कालवलेले असतात, ते नंतर नीट वेगळे होत नाहीत. तुमच्या सुपर निन्टेन्डोच्या, मेगा ड्राइव्हच्या आणि प्लेस्टेशनच्या सॉकेटवर आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांत) आधीच आहे, मशीन उघडावं लागत नाही. फक्त स्कार्ट केबल (आरजीबी नेणारी, रुंद प्लगची) नेमकी घ्या. एनटीएससी सुपर निन्टेन्डोच्या केबलमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या तारेत प्रत्येकी २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. पाल (युरोपच्या टीव्ही पद्धतीच्या) मॉडेलच्या केबलमध्ये त्याऐवजी ७५ ओहमचे रेझिस्टर असतात. प्लग दोन्हीचा सारखाच, त्यामुळे अदलाबदल हमखास होते आणि चित्राचा उजेड बिघडतो.

स्केलर म्हणजे जुना सिग्नल मोठा करून टीव्हीला समजेल असा देणारा डबा. त्यात माझं मत रेट्रोटिंक ५एक्सच्या बाजूने, आणि त्याचं कारण तुमचं प्लेस्टेशन २. ओएसएससी हा दुसरा उत्तम पर्याय: रेषा जशी येते तशी गुणून पुढे पाठवतो, लॅग जवळजवळ शून्य. पण ४८०आय आलं की तो प्रत्येक अर्धं चित्र वेगळं दाखवतो आणि बारीक आडव्या रेषा थरथरतात. प्लेस्टेशन २ वर बहुतेक सगळं ४८०आयच आहे. ५एक्स हालचाल कुठे आहे ते पाहून विणतो, त्यामुळे स्थिर मेनू स्थिर राहतात. दुसरं म्हणजे सुपर निन्टेन्डोचा दर ६० नसून ६०.१ हर्ट्झच्या जवळ आहे. ओएसएससी तो तसाच पुढे देतो आणि ४ किंवा ५ पट मोडमध्ये काही टीव्ही सरळ ‘नो सिग्नल’ दाखवतात. मग २ किंवा ३ पटीवर उतरावं लागतं. ५एक्समध्ये फ्रेम बफर (चित्र क्षणभर साठवणारी मेमरी) असल्यामुळे टीव्हीला नेहमीचा १०८०पी मिळतो.

५ पट वाढीत २४० रेषांच्या १२०० होतात आणि १०८० मध्ये मावत नाहीत. वर-खाली १२-१२ मूळ रेषा कापल्या जातात. चित्र २२४ रेषांचं असेल तर प्रत्यक्षात ४-४ रेषाच जातात, खेळताना जाणवत नाही. कडेला आकडे किंवा जीव दाखवणारा गेम असेल तर ४ पट ठेवा आणि काळी पट्टी चालवून घ्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आरजीबी लावल्यावर मेगा ड्राइव्हवर सॉनिकचा धबधबा बघा. पाण्यात उभ्या पट्ट्या दिसतील. चित्रकारांनी एकाआड एक पिक्सेल रिकामा ठेवून पारदर्शक पाणी साधलं होतं, कारण पिवळी केबल त्या पट्ट्या आपोआप मिसळवून टाकायची. त्या गेमसाठी मी कॉम्पोझिटच सुचवेन. त्या पाण्याची चमक स्वच्छ चित्रात हरवते, आणि ५एक्सला कॉम्पोझिट इनपुट आहेच.

पहिला_खेळाडू

छान समजलं. मग पहिलं प्लेस्टेशन वेगळं कशाला ठेवू? त्याच्या डिस्क पीएस२ वर कॉम्पोनंट (चित्राच्या तीन तारांच्या) केबलने टीव्हीला थेट चालतील ना?

रेषेवर_रेष

थेट टीव्हीला जोडलंत तर इथेच अडेल. पीएस२ चा स्वतःचा मेनू ४८०आय, तो दिसेल. पीएस१ ची डिस्क सुरू झाली की कॉम्पोनंटवर २४०पी येतं आणि पुष्कळ टीव्ही कॉम्पोनंटवर २४०पी घेतच नाहीत. आवाज चालू, पडदा काळा. ५एक्समधून नेलंत तर अडचण नाही. पीएस२ च्या सेटिंगमध्ये कॉम्पोनंट व्हिडिओ आउट ‘आरजीबी’ वर राहिलं असेल तर रंग पार चुकतात, ते ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’ वर आणा. हे पिवळी केबल लावलेली असतानाच करून ठेवा. आणि पीएस१ चे गेम पीएस१ च्याच मेमरी कार्डवर सेव्ह होतात, ते पीएस२ च्या खाचेत बसतं.

ड्रीमकास्टला स्केलरमध्ये अडकवू नका. तो व्हीजीएवर (जुन्या संगणक-मॉनिटरच्या जोडणीवर) अस्सल ४८०पी, म्हणजे दर फ्रेमला सगळ्या ४८० रेषा, देतो आणि बहुतेक गेम ते मानतात. व्हीजीए मोड वापरणारा एचडीएमआय अडॅप्टर थेट टीव्हीला लावा. १९९८ चं मशीन, पण चित्र बघून खरं वाटत नाही.

कथील

सेव्हचं बघू. सुपर निन्टेन्डोच्या सेव्हवाल्या बहुतेक कार्ट्रिजमध्ये सीआर२०३२ सेल असतो आणि तो एसरॅम (सेव्ह साठवणारी मेमरी चिप) जिवंत ठेवतो. पण आधी सेलवर आरोप करू नका, संपर्क साफ करा. ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा. काडी काळी येते तोवर पुसत राहा आणि पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकर मारू नका. धूळ उडते असं वाटतं, पण थुंकीची वाफ पिनांवर बसते आणि गंज धरतो.

तरीही सेव्ह जात असेल तर सेल बदला. कार्ट्रिजचे स्क्रू ३.८ मिमी सिक्युरिटी बिटने उघडतात (कन्सोलचे ४.५ मिमी). चांगल्या सेलवर मल्टीमीटर ३ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवतो. २.७ च्या खाली असेल तर थांबू नका. सेल काढला की सेव्ह जाणार, म्हणून जपायचं काही असेल तर आधी कार्ट्रिज रीडरने संगणकावर उतरवा.

नवा सेल पाय जोडलेलाच घ्या. साध्या सेलच्या अंगावर सोल्डर करू नका, उष्णतेने तो फुगतो किंवा फुटतो. जुन्या सोल्डरवर आधी फ्लक्स आणि थोडं नवं सोल्डर लावा, मग ३५० अंशांच्या आसपासच्या टोकाने एकेक पाय सोडवा. ओढाताण केलीत तर बोर्डावरचा पॅड उचकटतो, आणि तो परत बसवणं सेल बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड. अधिक-उणे बोर्डावर छापलेलं असतं, काढण्यापूर्वी फोटो घेऊन ठेवा.

ड्रीमकास्टबाबत मात्र सांभाळा. घड्याळाचा सेल कंट्रोलर पोर्टच्या बोर्डावर असतो आणि तो एमएल२०३२ आहे, म्हणजे चार्ज होणारा. आकार तोच म्हणून लोक तिथे सीआर२०३२ बसवतात. मशीन मग चार्ज न होणाऱ्या सेलला चार्ज करत बसतं आणि सेल गळतो. सेल-होल्डर सोल्डर करा आणि त्यात एमएल२०३२ च घाला. व्हीएमयूत (ड्रीमकास्टच्या मेमरी कार्डात) दोन सीआर२०३२ लागतात, पण सेव्ह फ्लॅशमध्ये असल्यामुळे ते संपले तरी काही पुसलं जात नाही. कन्सोल चालू करताना पीं वाजतं, ते हे सेल संपल्याचंच.

दहा_व्होल्ट

केबलच्या गडबडीत अडॅप्टर विसरू नका. मेगा ड्राइव्ह २ ला १० व्होल्ट डीसी, ०.८५ अँपिअर, मधली पिन अधिक. मेगा ड्राइव्ह १ ला मधली पिन उणे आणि प्लग निराळा. ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टरची टोकं बदलून दोन्हींना वापरलं की ध्रुव उलटतात. जुन्या एनईएसचा (सुपर निन्टेन्डोच्या आधीच्या निन्टेन्डो कन्सोलचा) मूळ अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो दुसऱ्या कोणत्याच कन्सोलच्या आसपास ठेवू नका. आणि तुमचा सुपर निन्टेन्डो एनटीएससी असल्यामुळे मूळ अडॅप्टर १००–१२० व्होल्टचा असणार. २२०–२४० च्या सॉकेटला तो थेट लावला की जळतो.

कथील

स्टिकचं राहिलं. आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात: कार्बनच्या पट्टीवर घासणारा संपर्क. पट्टी झिजली किंवा वर भुकटी साठली की मध्यबिंदू सरकतो. आधी कन्सोलमध्ये किंवा गेममध्ये डेडझोन (मध्याभोवतीची, हालचाल न मोजली जाणारी जागा) वाढवून बघा. मग तेलविरहित कॉन्टॅक्ट क्लीनर मॉड्यूलच्या फटीत थोडासा मारून स्टिक गोल गोल फिरवा. भुकटी असेल तर बरं वाटेल. झीज असेल तर काही दिवसांत पुन्हा सरकेल.

पक्का उपाय म्हणजे हॉल इफेक्ट मॉड्यूल. त्यात चुंबक आणि सेन्सर, घासणारं काही नाही. गंमत म्हणजे ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये ते तेव्हाच होतं! बदलायला १४ पाय सुटे करावे लागतात: पोटेन्शिओमीटरचे ६, बटणाचे ४, सांगाड्याचे ४. सगळं थ्रू-होल (बोर्डाच्या भोकांतून आरपार जाणारे पाय), म्हणजे तुमच्या आवाक्यातलं. सांगाड्याचे जाड पाय उष्णता शोषतात, तिथे टोक रुंद घ्या आणि कमी वितळणारं सोल्डर मिसळा. जुनं मॉड्यूल जपायचं नसेल तर कटरने तुकडे करून एकेक पाय काढा, बोर्डाला त्रास कमी होतो. नंतर कॅलिब्रेशन करावंच लागतं, नाहीतर नवी स्टिकही मध्यावर येत नाही. आणि ते करताना मध्यबिंदूसोबत पूर्ण गोल फिरवून टोकंही नोंदवा, नाहीतर तिरकं धावताना वेग कमी पडतो.

पहिला_खेळाडू

मनापासून आभार. एक शेवटचं: स्केलर आला की लाइट गनही (पडद्यावर नेम धरायची बंदूक) चालेल का?

रेषेवर_रेष

जुनी मूळ गन नाही चालणार. ती काचेच्या सीआरटीवर (जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर) उजेड नेमका कोणत्या क्षणी उमटतो यावर चालते, एलसीडी किंवा ओलेड पडद्याचा तो क्षणच वेगळा असतो. गेम मोडनेही जमत नाही. त्यासाठी एक छोटा सीआरटी टीव्ही मिळवा आणि पिवळ्या केबलने सरळ त्यालाच लावा.