बुडबुड्यांचं कारण बहुधा नोझलमध्ये

एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणारं हातातलं साधन) रंगाच्या कपात बुडबुडे येतात, या प्रश्नावर वर कुणीतरी हवेचा दाब कमी करायचा सल्ला दिलाय, पण मला नाही वाटत गडबड कंप्रेसरची, म्हणजे हवा पुरवणाऱ्या यंत्राची आहे. बुडबुडे म्हणजे हवा पुढून निघण्याऐवजी मागे रंगात घुसतेय. आधी नोझलच्या, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या पुढच्या बारीक तोंडाच्या, टोकाशी सुकलेला रंग साफ करा. तरी थांबलं नाही तर नोझल सैल आहे का, त्याला बारीक चीर गेलीय का, ते भिंगातून पाहा. नोझल सैल असेल तर त्याच्या आट्यांना किंचित मधमाशीचं मेण लावलं की फट बुजते. आवळताना मात्र हात हलका ठेवा, ०.३ मिमी भोकाचं नोझल जरा जास्त पिळलं की मोडलंच म्हणून समजा. आणि नोझल काढण्याआधी त्याच्या आतली सुई मागे ओढून घ्या, नाहीतर तिचं टोक वाकतं. अख्खा एअरब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवायची जी युक्ती कुणी सुचवलीय ती कृपया नको, आतल्या रबरी ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) फुगतात.