मदत हवी आहे: जीएम पिकांच्या चाचणीला राज्याच्या ‘ना हरकत’चा कायदेशीर आधार काय?

जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांवरच्या चर्चेसाठी टिपण लिहिते आहे. एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी.

शेती हा राज्यसूचीतला विषय (नोंद १४). पण जीएम बियाण्याची परवानगी केंद्राच्या जीईएसीकडे (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती), १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार. हा कायदा स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेच्या आधारे, राज्यघटनेच्या अनुच्छेद २५३ खाली झाला; आंतरराष्ट्रीय निर्णय राबवण्यासाठी संसदेला राज्याच्या विषयावरही कायदा करता येतो, असे हा अनुच्छेद सांगतो. त्यामुळे ‘शेती राज्याची’ एवढ्यावर युक्तिवाद टिकत नाही. बरेच लेख इथेच घसरतात.

शेतातल्या चाचणीसाठी राज्याचे ना हरकत पत्र मात्र २०११ पासून मागितले जाते. १९८९ च्या नियमांत मला तशी तरतूद दिसत नाही. मग राज्याने नकार दिला, तर तो कोर्टात कशावर उभा राहील? हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरे, त्याच नियमांत राज्य जैवतंत्रज्ञान समन्वय समितीला तपासणी आणि कारवाईचे अधिकार आहेत, जिल्हा समितीही आहे. तरी विदर्भात बेकायदा एचटीबीटी (तणनाशक सहन करणारा जीएम) कापूस पकडला की गुन्हा बहुधा बियाणे कायद्याखाली लागतो. या समित्यांची इतिवृत्ते माहिती अधिकारात कोणाला मिळाली आहेत का? अर्ज कृषी आयुक्तालयात करावा की पर्यावरण विभागात?

जीएम मोहरीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा २३ जुलै २०२४ चा निकाल वाचला आहे. परवानगीवर दोन न्यायमूर्तींचे मतभेद, पण राज्यांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखण्यावर एकमत. त्यानंतर महाराष्ट्राने केंद्राला लेखी मत कळवले असल्यास पत्राचा क्रमांक आणि तारीख हवी. बातमीचे कात्रण पुरणार नाही, मूळ कागदच लागेल.