मदत हवी आहे: कॅलिफोर्निया गव्हर्नर निवडणूक 2026, प्रायमरीत मत कसं ठरवता?

नमस्कार मंडळी,

बे एरियात बरीच वर्षं झाली, पण नागरिकत्व यंदा मिळालं. माझं आणि सासूबाईंचं पहिलं मतदान 2 जून 2026च्या प्रायमरीला (म्हणजे प्राथमिक फेरीला). गव्हर्नर न्यूसम यांच्या दोन टर्म पूर्ण होताहेत, म्हणजे ते रिंगणात नाहीत. कमला हॅरिस यांनी 2025च्या जुलैतच नकार कळवला, आणि मग ज्याला त्याला मोकळं रान मिळालं. डेमोक्रॅट्सकडून केटी पोर्टर, हावियेर बेसेरा, व्हियारायगोसा, स्वॉलवेल, स्टायर, थर्मंड, बेटी यी असे कितीतरी उतरले. रिपब्लिकनांकडून मुख्य दोघेच, स्टीव्ह हिल्टन आणि रिव्हरसाइडचे शेरीफ चॅड बियांको.

घोळ इथेच आहे. इथे सगळ्या पक्षांची प्रायमरी एकत्र, आणि पहिले दोघं, पक्ष कुठलाही असो, 3 नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीच्या मतपत्रिकेवर. एकीकडे इतकी मतविभागणी आणि दुसरीकडे दोनच नावं, तर शेवटी दोन्ही रिपब्लिकनच उरले तर? नवरा म्हणतो, "या राज्यात? शक्यच नाही." पण 2012 मध्ये सॅन बर्नार्डिनोकडच्या, अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) 31व्या मतदारसंघात हेच घडलं होतं. मतदारसंघ डेमोक्रॅट्सकडे झुकलेला, पण त्यांचे चार जण उभे राहिले आणि गॅरी मिलर, बॉब डटन हे दोन रिपब्लिकन पुढे गेले. नोव्हेंबरात तिसरं नाव हाताने लिहून मत देण्याचीही सोय नाही.

माझ्या मनातला उमेदवार सर्वेक्षणांत बराच खाली आहे. (नाव सांगत नाही, धागा भरकटेल.) तर 2018च्या प्रायमरीला ज्यांनी मत दिलंय त्यांनी सांगा: मनातल्याला देता, की निवडून येऊ शकेल त्याला? मतपत्रिका मेच्या सुरुवातीला घरी येते, ती लगेच भरून टाकता की शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबून वारं बघता? मला थांबावंसं वाटतंय.

दुसरं, उमेदवारांची भूमिका नेमकी कुठे वाचायची? जाहिराती सोडून. जातिभेदाविरुद्धचं विधेयक एसबी 403 विधिमंडळात मंजूर होऊनही 2023 मध्ये न्यूसम यांनी व्हेटो केलं (नकाराधिकार वापरून रोखलं), तेव्हा आमच्या ओळखीच्या लोकांत चांगलेच दोन तट पडले होते. असं विधेयक पुन्हा आलं तर कोण काय करेल, हे मला आधी कळायला हवंय. घराच्या विम्याचं मात्र गव्हर्नरच्या माथी मारू नका, आमच्याकडे रोज तेच चालतं. इन्शुरन्स कमिशनर आपण वेगळा निवडतो.

आणि एक अगदी घरगुती अडचण. टपालाने मत पाठवताना पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. सासूबाईंची स्टेट आयडीवरची सही इंग्रजीत, मतदार नोंदणीच्या फॉर्मवर त्यांनी ठसक्यात मराठीत केलीय. पाकिटावर कुठली करायची? कुणाच्या आईवडिलांच्या बाबतीत असं झालंय का? सही जुळली नाही तर काउंटीकडून पत्र येतं आणि दुरुस्त करता येतं असं वाचलंय, पण त्यात किती धावपळ होते?