दादाला कारने उडवलं, आता कारवाला पैसे देऊन सही मागतोय, काय करू?

धाकटी_इचलकरंजी

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, थोडं लांबेल पण वाचा प्लीज. माझा मोठा दादा, वय ३८, इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम. तीन महिने वीस दिवसांपूर्वी रात्रपाळी संपवून मोपेडवरून घरी येताना कोरोचीजवळ मागून आलेल्या कारने धडक दिली. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्यालाही लागलं, मिरजेला नेऊन ऑपरेशन केलं, रॉड टाकलाय. आत्तापर्यंत दोन लाख ऐंशी हजार गेले, त्यातले दीड लाख वहिनीचे दागिने सोसायटीत ठेवून आणलेत.

कारवाला गावातलाच आहे, दवाखान्यात दोनदा येऊन गेला, तेव्हा चांगला बोलत होता. मागच्या आठवड्यात घरी आला तो स्टॅम्प पेपर घेऊनच. ४० हजार देतो म्हणतो, आणि कागदावर लिहिलंय की "अपघात कुणाच्याही चुकीने झालेला नसून माझी कसलीही तक्रार नाही व भविष्यात राहणार नाही". वर म्हणतो माझ्या गाडीचा इन्शुरन्स संपलेला होता, त्यामुळे कोर्टात जाऊन तुम्हाला काही मिळणार नाही, हेच घ्या. आई म्हणते घे बाई, निदान औषधाचे तरी सुटतील.

एफआयआर झालेली नाही. मिरजेत पोलिसांनी दादाचा जबाब घेतला होता, कागद इकडच्या ठाण्याला पाठवले म्हणाले, इकडे विचारलं तर नुसती डायरीत नोंद आहे म्हणतात. दादाचं लायसन पण दोन महिन्यांपूर्वी संपलेलं होतं आणि हेल्मेट नव्हतं, म्हणून आम्ही गप्प बसलोय, उलट आमच्यावरच केस होईल अशी भीती वाटते. आणि दवाखान्यात एकजण भेटलेला, तो म्हणतो मी सगळं करून देतो, मिळतील त्यातले ३० टक्के माझे.

दादा अजून काठीवर आहे. गुडघा अर्धाच वाकतो. काल माग बघायला म्हणून कारखान्यात गेला आणि मागाखाली उकिडवं बसता आलं नाही म्हणून तसाच परत आला, आल्यावर कुणाशी बोलला नाही. काय करू सांगा.

उसाचा_पट्टा

ताई पहिलं म्हणजे त्या कागदावर सही करू नका, दादांनाही करू देऊ नका. ४० हजार घेतले तरी कागद वेगळा करा, "उपचारासाठी मदत म्हणून मिळाले" एवढंच लिहा. आमच्या वडिलांच्या वेळी चुलत्याने असाच एक कागद करून दिला होता आणि नंतर कोर्टात इन्शुरन्सच्या वकिलाने तोच पहिला काढला, त्याचा खुलासा करण्यातच आमच्या किती तारखा गेल्या.

आता इन्शुरन्सचं. त्याच्या शब्दावर जाऊ नका. मोबाईलवर एम परिवहन ॲप घ्या, गाडीचा नंबर टाका, विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. आत्ताच्या आत्ता बघा आणि इथे सांगा.

अजून एक मनापासून सांगतो, कागद जपा. आमची बिलं एका कॅरीबॅगमध्ये दाराला टांगलेली असायची, पावसात भिजली, मेडिकलची सहासात बिलं पुसून कोरी झाली, ती गेलीच. तुम्ही सगळ्याच्या झेरॉक्स काढा, थर्मल पेपरवरची बिलं तर आजच काढा, ती आपोआप उडतात. डिस्चार्ज कार्ड, एक्सरे, फिजिओथेरपीच्या पावत्या, मिरजेला जायला केलेल्या गाडीच्या पावत्यासुद्धा. वडिलांची केस साडेचार वर्षं चालली पण निकाल चांगला लागला, आणि जेवढ्या खर्चाचे कागद होते तो जवळजवळ सगळा मिळाला.

धाकटी_इचलकरंजी

उसाचा_पट्टा दादा, ॲपवर बघितलं. विमा चालू दाखवतोय!! अपघाताच्या दिवशी पण चालू होता, पुढच्या मार्चपर्यंत आहे. मग तो खोटं का बोलला?

वकील_कोल्हापूर

मोटार अपघाताच्याच केसेस करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो खोटं का बोलला ते बाजूला ठेवा. बऱ्याच गाडीमालकांना वाटतं की क्लेम लावला म्हणजे आपलं घर जाणार. विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते, मालकाच्या खिशातून नाही, थर्ड पार्टी विमा असतो तो त्यासाठीच. त्याला हे कुणीतरी शांतपणे सांगितलं तर त्याचा निम्मा विरोध तिथेच संपेल, मी असं झालेलं पाहिलंय.

सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये अपघातापासून सहा महिन्यांच्या आत क्लेम दाखल करायची अट आलीय. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही. तुमचे जवळजवळ चार महिने गेलेत. सहा महिन्यांच्या आत अर्ज आत गेला पाहिजे, अपंगत्वाचा दाखला नंतर जोडता येतो, त्याच्यासाठी थांबू नका. अर्ज अपघात झाला तिथल्या किंवा तुम्ही राहता तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो.

एफआयआर. लेखी तक्रार द्या, दादाच्या सहीने, पोच घ्या. घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तेवढा अधिकार नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, त्याच्यापुढे मॅजिस्ट्रेट आहेत. उशीर झाला म्हणून घाबरू नका, माणूस ऑपरेशन टेबलवर असताना घरचे आधी त्याला बघणार की ठाण्यात जाणार, आणि नुसत्या उशिरामुळे क्लेम बुडत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. मिरजेच्या दवाखान्यातून एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद) प्रत आणि तिथे घेतलेल्या जबाबाची प्रत मागून घ्या, अपघात त्याच दिवशी त्याच गाडीने झाला हे दाखवायला तो तुमचा सगळ्यात जुना कागद आहे. घटनास्थळाचा पंचनामा झाला नसेल तर तोही करायला लावा.

लायसन संपलेलं होतं याचा दंड होईल तेवढा होऊ दे. पण लायसन नव्हतं म्हणजे अपघात त्याच्याच चुकीने झाला असं होत नाही, धडक मागून बसलीय. हेल्मेटचा मुद्दा डोक्याला मार असता तर त्यांनी ताणला असता, इथे मोडलाय पाय.

आता रक्कम, कारण ४० हजार किती कमी आहेत ते तुम्हाला कळायलाच हवं. सुप्रीम कोर्टाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांवरून हिशोब ठरलेला आहे. समजा दादाला महिन्याला १८ हजार मिळतात. वर्षाचे २,१६,०००. चाळिशीच्या आत आहे म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले ३,०२,४००. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं, ३६ ते ४० वयाला हा गुणक १५, म्हणजे ४५,३६,०००. आता यातले किती टक्के द्यायचे हा खरा झगडा असतो. डॉक्टर लिहितील पायाचं अपंगत्व अमुक टक्के, पण कोर्टाने बघायचं असतं ते कमाईवर काय परिणाम झाला, हे सुप्रीम कोर्टाच्या निकालात स्पष्ट आहे. खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा गुडघा आणि जॉबरचा गुडघा एकच नाही. समजा कमाईत ३० टक्के तूट धरली तर १३,६०,८०० होतात, आणि उपचाराचा खर्च, काम बुडाल्याचा पगार, वेदनेची भरपाई, रॉड काढायच्या पुढच्या ऑपरेशनचा खर्च हे सगळं वेगळं, वर अर्ज केल्यापासूनचं व्याज. नक्की एवढेच मिळतील असं मी म्हणत नाही, पण मागणी कुठून सुरू होते ते बघा.

म्हणून तुम्ही जे लिहिलंत ना, मागाखाली उकिडवं बसता आलं नाही, ते कोर्टात साक्षीत आलं पाहिजे. दादाच्या तोंडून, आणि कारखान्यातल्या कुणाच्या तरी तोंडून. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाही साक्षीला बोलवावं लागतं, नुसता दाखला जोडून भागत नाही.

३० टक्केवाल्याला हाकला. तो वकील नसेल तर प्रश्नच नाही, आणि वकील असेल तरी निकालातल्या रकमेत वाटा ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही अजिबात नको.

पॅरालीगल_मावशी

बाळ, वकिलाच्या फीची चिंता असेल तर हे वाच. मी तालुका विधी सेवा समितीत स्वयंसेविका आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग व्यक्ती यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि यात बसत नसेल तरी महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असलं की मिळतो. तुझा दादा कामगार म्हणूनही बसतो आणि उत्पन्नावरही बसतो. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, साधा अर्ज, आधारकार्ड आणि केसचे असतील ते कागद घेऊन जा. जाता येत नसेल तर १५१०० ला फोन कर.

फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात, काही वेळा ते खरंही असतं, मी नाही म्हणणार नाही. पण मग समितीत येऊन लेखी सांगायचं, वकील बदलून मिळतो. आमच्याकडे येतात त्या बायका पहिल्या तारखेनंतर काही झालं नाही म्हणून घरी बसतात, वर्षभराने येतात, तोवर सगळं थंड झालेलं असतं. तू दर तारखेला जा, किंवा वहिनीला पाठव.

सरळ_बोलतो

मी थोडं वेगळं म्हणतो. साडेचार वर्षं ज्याच्या घरात सोनं गहाण आहे त्याने काय खायचं? क्लेम टाका जरूर, पण पुढे लोकअदालतीत विमा कंपनीने बरी रक्कम देऊ केली तर घ्या, आम्ही घेतली, पैसे लवकर हातात आले.

वकील_कोल्हापूर

बरोबर आहे, मी स्वतः कितीतरी केसेस लोकअदालतीत मिटवल्यात. फक्त दोन गोष्टी. तिथे झालेल्या तडजोडीवर पुढे अपील नाही, आणि अपंगत्वाचा दाखला हातात यायच्या आत तडजोड करू नये, कारण पाय पुढे किती सुधारणार ते तेव्हा तुम्हालाच माहीत नसतं. अपघातानंतर सहा-आठ महिन्यांत कंपनीचा फोन येतो आणि घरात पैशाची तंगी असते, नेमके तेव्हाच लोक निम्म्यात सोडून देतात.

मुंबईहून_अमोल

मधेच विचारतो, माफ करा. मावसभावाला गाडीने धडक दिली, दवाखान्याचं बिल मेडिक्लेममधून भागलं. ते पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा होतात का?

वकील_कोल्हापूर

नाही. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे वजा करायचे नाहीत, तो हप्ता त्याने स्वतः भरलेला असतो. बिलाच्या प्रती मात्र मेडिक्लेम कंपनीकडून परत मिळवा, ओरिजिनल त्यांच्याकडे अडकतात.

धाकटी_इचलकरंजी

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री सगळं आईला आणि दादाला वाचून दाखवलं. आई आता सही करायची नाही म्हणतेय. दादाने स्वतःच्या हाताने तक्रार लिहिलीय, सकाळी मी आणि वहिनी ठाण्यात देऊन पोच घेऊन आलो, एक तास बसवलं पण घेतली. सोमवारी विधी सेवा समितीत जातोय.

एक राहिलं. दादाच्या पगाराची स्लिप वगैरे काही नाही, आठवड्याला रोख मिळतो. पण कारखान्याचे मालक चांगले आहेत, म्हणाले मी साक्षीला येतो. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची वही आहे, दर आठवड्याला नाव, रक्कम आणि समोर सही, दादाच्या सह्या सात वर्षांपासूनच्या आहेत, अपघाताच्या आठवड्यापासून त्या रकान्यात रेघ मारलेली आहे. मी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढलेत. तेवढ्याने होईल का?

वकील_कोल्हापूर

फोटोवर भागणार नाही, मूळ वही लागेल, आणि ती घेऊन मालकच आले पाहिजेत. त्यांना आजच सांगा, वही भरली म्हणून ती माळ्यावर टाकू नका की रद्दीत घालू नका, आधीच्या वर्षांच्या वह्याही तशाच ठेवा. ती रेघ मारलेली पानं तर फार कामाची आहेत.