नॉइसम म्हणजे गोंगाट करणारा नव्हे? '-सम'वाल्या इंग्रजी विशेषणांबद्दल विचारायचं आहे

कृष्णाकाठची
मी कऱ्हाडजवळ अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. परवा तिमाही अहवालात एका तुकडीबद्दल 'नॉइसम' असं लिहिलं. म्हणायचं होतं की पोरं फार गोंगाट करतात. कागद लाल शाईचा गोल घेऊन परत आला. शब्दकोश उघडला तर अर्थ निघाला ओंगळ, दुर्गंधी सुटलेला. माझ्याच मुलांबद्दल मी हे लिहिलं, याचं फार वाईट वाटलं.

मग वहीत यादी केली: हँडसम, टायरसम, क्वॉरलसम, लोदसम, फुलसम, होलसम, ऑसम. या सगळ्यांना लागू होईल असा काही नियम आहे का? आणि वर्गातली एक मुलगी विचारते, "मॅडम, हे सम म्हणजे आपलं पुत्रसम, अमृतसममधलं का?" तिला काय सांगू?

जुना मास्तर
ताई, आधी त्या मुलीला शाबासकी द्या. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीत '-सुम' होता. तो, इंग्रजीतला 'सेम' आणि संस्कृतातला 'सम' हे तिन्ही एकाच मूळ धातूपर्यंत जातात. पण नातं लांबचं आहे. पुत्रसम म्हणजे पुत्रासारखा. हँडसम म्हणजे हातासारखा नव्हे. नातं सांगा, अर्थ मात्र त्यावरून लावू देऊ नका.

आता नियम. मी तीस वर्षं एकच गोष्ट विचारायला लावली: हे विशेषण कुणाच्या मनातलं सांगतंय? टायरसम माणूस स्वतः थकलेला नसतो, तो आपल्याला कंटाळा आणतो. लोदसम (किळस आणणारा), इर्कसम (वैताग आणणारा) हे त्यातलेच. क्वॉरलसम माणसाच्या मात्र स्वतःच्याच अंगात भांडण असतं. मेडलसम तसाच, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करणारा. इंग्रजीनं दोन्ही कामं एकाच प्रत्ययाकडून करून घेतली. आपल्याकडे ती वेगळी आहेत. कंटाळवाणा, किळसवाणा, लाजिरवाणा यांतला 'वाणा' बघणाऱ्याच्या मनात काहीतरी उठवतो. भांडखोरमधला 'खोर' आणि लाजाळूमधला 'आळू' त्या माणसाचा स्वभाव सांगतात. लाजाळू मुलगी आणि लाजिरवाणा प्रकार, हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहा. पोरांना लगेच कळतं.

नॉइसमचं म्हणाल तर त्यात 'नॉइज' नाहीच. त्यात आहे 'अनॉय'चा पुढचा अ गळून उरलेला 'नॉय'. मूळ अर्थ उपद्रव देणारा. 1611च्या किंग जेम्स बायबलात 91व्या स्तोत्रात साथीच्या रोगाला हेच विशेषण लावलंय. पुढे तो उपद्रव नाकापुरता उरला. उन्हाळ्यात तुंबलेल्या गटारीला नॉइसम म्हणतात. तुमच्या वर्गाला साधं 'नॉइझी' पुरे.

ग्रूसममधला 'ग्रू' म्हणजे स्कॉटलंडकडच्या बोलीत शहारणं. म्हणून तो अंगावर काटा आणणारा. होलसममधल्या 'होल'चा जुना अर्थ धडधाकट, निरोगी. 'हेल्थ' त्याच घरातला. आणि विज्ञान शाखेची मुलं क्रोमोसोम या यादीत घुसवतील, त्यांना अडवा. त्यातला 'सोम' ग्रीक आहे, अर्थ शरीर.

डेल्फ्टहून
मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे हाच प्रत्यय 'झाम' म्हणून रोज भेटतो. रस्त्यावरच्या पाटीवर 'लांगझाम', म्हणजे हळू. 'एन' म्हणजे एक, म्हणून 'एनझाम' म्हणजे एकाकी. हँडसमचा जुना अर्थ इथे अजून जिवंत आहे: 'हांदझाम' म्हणजे हाताळायला सुटसुटीत. इंग्रजीतही 1400च्या सुमारास तोच अर्थ होता, देखणेपण नंतर आलं.

मला सगळ्यात आवडतो तो 'खेहोरझाम'. त्यात ऐकणं आहे आणि अर्थ आज्ञाधारक. आपली आईसुद्धा "पोरगं ऐकतं हो" म्हणते तेव्हा तिला कानांबद्दल बोलायचं नसतं!

जुना मास्तर
वा! याला इंग्रजीतली जोड म्हणजे 'बक्सम'. शेवटी 'सम' लिहीत नाहीत म्हणून ओळखू येत नाही. मूळ अर्थ वाकणारा, म्हणून आज्ञाधारक. मध्ययुगीन इंग्लंडात लग्नाच्या शपथेत नवरी 'बक्सम' राहण्याचं वचन देई. आज तो शब्द भरल्या अंगाच्या बाईसाठी वापरतात.

भाषांतरवाली
एक विनंती. फुलसम मुलांना निरोपाच्या भाषणात वापरू देऊ नका. 'फुलसम प्रेझ' म्हणजे भरभरून कौतुक असं काही जण लिहितात, आणि जुना अर्थ विपुल असाच होता. पण बऱ्याच वाचकांना त्यात तोंडपुजेपणा दिसतो. मी एका संस्थेच्या मानपत्रात हा शब्द ठेवला होता. ज्यांचा सत्कार होता ते दुखावले, नि मला आजही ते आठवतं. मनापासून कौतुक असेल तिथे 'वॉर्म' लिहा.

हँडसम मात्र रकमेलाही लावा. 'हँडसम रिवॉर्ड' म्हणजे घसघशीत बक्षीस.

कृष्णाकाठची
मास्तर, तुमचे 'वाणा' आणि 'खोर' असे दोन रकाने आजच फळ्यावर मांडले. मुलांनीच भरले. ऑसम आणि ऑफुल एकाच 'ऑ'पासून, म्हणजे धाकयुक्त विस्मयापासून निघून एक कौतुकाला आणि एक शिवीला कसा गेला, यावर तास संपला. एक शब्द अडला. ट्रबलसम कुठल्या रकान्यात?

जुना मास्तर
'वाणा'च्या. ट्रबलसम दात स्वतः सुखात असतो हो, झोप तुमची उडते.