भेकराचं भुंकणं
भेकर, म्हणजे रानातलं एक लहान हरीण, भुंकलं की बिबट्या जवळ आलाच, असं काहीजण म्हणतात. नेहमीच तसं नसतं हो. बिबट्याची, रानकुत्र्यांची चाहूल लागली की ते भुंकतं हे खरंच, पण माणसाचा वास आला तरी भुंकतं, आणि एकदा सुरू झालं की बराच वेळ थांबत नाही. कोयना-चांदोलीच्या दाट रानात ते दिसण्याआधी ऐकूच येतं. नराची शिंगं आखूड, केसाळ खुंटांवर उगवलेली. भांडणात खरं हत्यार म्हणजे वरचे सुळे. हरणाला सुळे! त्याहून मला नवल वाटतं ते गुणसूत्रांचं. मादीत फक्त ६, नरात ७. सस्तन प्राण्यांतला हा नीचांक. आपली ४६. आणि चितळासारखा कळप शोधू नका, हे बहुतेक एकटंच फिरतं.